फक्त निकेलचं प्रमाण

पाकीट फोडलं तेव्हा आधी बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा टेबलावर पडला आणि मागाहून चिठ्ठी. तुकडा तळहाताएवढा, एका अंगाने करवतीने कापलेला, दुसऱ्या अंगाने खडबडीत, पांढरट. चिठ्ठीत तीनच ओळी. ‘कॉस्टिकच्या पंपाच्या केसिंगचा नमुना सोबत आहे. त्याच धातूत नवीन केसिंग ओतायचे आहे. फक्त निकेलचे व इतर घटकांचे प्रमाण कळवावे, अभिप्राय नको.’ ‘फक्त’ या शब्दाखाली दोन रेघा होत्या आणि दुसऱ्या रेघेचं टोक किंचित वर उचललेलं होतं. सही नव्हती, एका ओतशाळेचा शिक्का तेवढा होता. ओतशाळा तिला माहीत नव्हती. रेघ माहीत होती. तिच्या जिभेवर एकदम खिळा चोखल्यासारखी चव आली आणि उजव्या हाताचा अंगठा आपोआप मुठीत गेला. समोरच्या टेबलाशी नमुने घासून आरशासारखे करणारी पॉलिशताई बसली होती. अकरा वर्षं ती या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत होती आणि तिच्यापासून काही लपत नसे. ती म्हणाली, “काय झालं बाई? पाल अंगावर पडल्यासारखं तोंड झालंय.” “काही नाही. नमुना आलाय.” “नमुनाच आलाय, ते दिसतंय तोंडावरून,” पॉलिशताई म्हणाली आणि पुन्हा चाक फिरवायला लागली.

साहेब. बावीस वर्षं तिने त्या माणसाला मनातसुद्धा नावाने हाक मारली नव्हती. ती सत्तावीस वर्षांची होती तेव्हा तो दुसऱ्या एका ओतशाळेचा मुख्य होता आणि ती तिथली धातूतज्ज्ञ, म्हणजे कुठल्या कामाला कुठलं लोखंड ओतायचं ते ठरवणारी. साच्यावाले आणि भट्टीवाले तिला ‘वैद्यीणबाई’ म्हणायचे, कारण वितळलेल्या धातूचा पहिला चमचा तिच्याकडे नाडी बघायला यायचा. तेव्हाही काम असंच होतं, कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणाच्या पंपाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच. तिने चार दिवस घालवून टिपण लिहिलं होतं. निकेल घातलेल्या बीडाच्या जाती म्हणजे एका घरातल्या तीन जावा, असं ती नव्या लोकांना समजावून सांगायची. चेहरेपट्टी सारखी, चकाकी सारखी, स्वभाव निराळे. थोरलीत पंधरा टक्के निकेल आणि जोडीला तांबं, ती कॉस्टिकच्या वाऱ्यालाही उभी करू नये. मधलीत वीस टक्के, तांबं नाही. ती कॉस्टिक सोसते, पण तापली की फार फुगते आणि तापलेली असताना गार पाणी पडलं की तडकते. धाकटीत तीस टक्के. ती फुगत नाही, फुरंगटत नाही, गरम आणि गार दोन्ही गुमान झेलते. ज्या कारखान्यात पंप बसणार होता तिथे माणसं गरम केसिंगवर पाण्याचा पाइप मारून ते धुवायची, हे तिने स्वतः जाऊन बघितलं होतं. म्हणून टिपणात तीस लिहिलं होतं. साहेबाने ते वाचलं, लाल शाईने तीस खोडलं, वीस लिहिलं आणि वीसखाली दोन रेघा मारल्या. “गोदामात एवढं निकेल नाही आणि गिऱ्हाइकाला माल महिनाअखेर हवाय. मधलीसुद्धा कॉस्टिकचीच आहे ना? मग झालं तर.” ती म्हणाली, “पण ते गरम असतानाच पाणी मारतात, साहेब.” तो हसला. वाईट हसू नव्हतं ते, घरातल्या पोरीकडे बघून हसावं तसं होतं. “तू फार विचार करतेस. सही कर. बाकी माझ्यावर सोड.” संध्याकाळी टाइप केलेला नवा कागद आला, त्यात वीस होतं. खोडाखोडीचा कागद कुठे गेला ते तिने विचारलं नाही. तिने सही केली.

आठ महिन्यांनी केसिंग तडकलं. पंपाजवळ एक फिटर नट आवळत होता. गरम कॉस्टिक त्याच्या तोंडावर गेलं आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. चौकशी झाली. लांब टेबल, तीन माणसं, टेबलावर पाण्याचे झाकलेले पेले. साहेबाला विचारलं, “ही सही यांचीच आहे का?” तो म्हणाला, “हो.” “धातू यांनीच ठरवला?” “कागदावर तसंच आहे.” ती वाट बघत राहिली. आता तो म्हणेल, पण एक सांगायचं राहिलं. त्याने पेल्यावरचं झाकण काढलं, दोन घोट पाणी प्याला, झाकण पुन्हा नीट बसवलं. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “सही माझी आहे, पण...” आणि मधला माणूस म्हणाला, “हो की नाही, एवढंच सांगा.” पुढे आयुष्यभर तिला जे छळत राहिलं ते हेच, की त्या खोलीत साहेब एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. जेवढं विचारलं तेवढंच खरं सांगून गप्प बसणाऱ्याचं काय करायचं? तिची नोकरी गेली. दोन वर्षं कुठल्याही ओतशाळेने तिला दारात उभं केलं नाही. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, तो संध्याकाळी घरी आला की चहा करायचा आणि काही विचारायचा नाही. त्याचं ते न विचारणंही तिला त्या काळात साहेबाच्याच जातीचं वाटायचं. पुढे तिने स्वतःची ही प्रयोगशाळा काढली.

आणि एका दुपारी फिटरची बायको आली होती. चौकशीच्या निकालानंतरची तिसरी की चौथी दुपार. बेल वाजली, तिने दार उघडलं, बाहेर एक बाई कापडी पिशवी पोटाशी धरून उभी. “ती सही करणाऱ्या बाई इथेच राहतात का?” “मीच.” बाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. तिला वाटलं ती शिव्या देईल, थोबाडीत मारेल, आणि खरं तर मारली असती तर बरं झालं असतं. बाई म्हणाली, “एवढ्या लहान आहात?” आणि जिना उतरून गेली. पायऱ्यांवरचा तिच्या चपलांचा आवाज तिला अजून मोजता आला असता. पुढे तिने त्यांचं घर शोधून काढलं. कापडगिरणीमागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानाला लागून, तळमजला. वर्षातून एकदोनदा ती काही ना काही निमित्ताने त्या गल्लीतून जायची. दारापुढे पावलं हळू व्हायची, दार वाजवणं कधी झालं नाही. काय सांगणार होती? की मी नाही, तो? सही तर तिचीच होती. मग घरी येऊन, भाजी निवडताना, अंगावर पाणी घेताना, ती पुन्हा त्या लांब टेबलापुढे उभी राहायची आणि प्रत्येक वेळी नवं बोलायची. साहेबाच्या अंगावर भट्टी कोसळावी, त्याला महारोग व्हावा, असल्या ढोबळ मागण्या तिने कधी केल्या नाहीत. तिचा राग हिशेबी होता, दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत काढलेला. त्याने एकदा तसल्याच टेबलापुढे बसावं, कुणी तरी त्याच्या बाबतीत विचारलं तेवढंच खरं सांगावं, आणि गप्प राहावं. बस.

आणि आता तुकडा तिच्या टेबलावर होता. तिने चुंबक लावून बघितलं, चिकटला नाही. म्हणजे निकेल भरपूर. पॉलिशताईने एक फोड घासून दिली ती मायक्रोस्कोपखाली धरली. ग्राफाइटच्या काळ्या पाकळ्या, मधला उजळ धातू, सगळं ओळखीचं. नंतर तिने भोक पाडून निघालेला भुसा आम्लात विरघळवला आणि निकेलची जुनी परीक्षा लावली, तिच्या मास्तरांनी शिकवलेली. यंत्राने चटकन आकडा मिळतो, पण महत्त्वाच्या नमुन्याला ती आकडा दोन्ही वाटांनी काढायची. द्रावणात थेंब पडले आणि काचेच्या भांड्यात लालभडक साका उठला, गुलाल भिजवावा तसा. पॉलिशताई मान वर करून म्हणाली, “हे बघायला मला कधी कंटाळा येत नाही.” साका गाळला, वाळवला, तोलला. निकेल वीस पूर्णांक तीन. क्रोमियम दोन. तांबं नावालाही नाही. मधली जाऊ. मग तिने कापलेली बाजू सोडून खडबडीत, पांढरट बाजू काचेखाली धरली. कडेपासून आत बारीक भेगा गेल्या होत्या, वाळलेल्या तळ्याच्या चिखलावर असतात तशा, एकमेकींत गुंतलेल्या. कॉस्टिकने खाल्लेलं लोखंड असं दिसत नाही. हे गरम-गाराने दमलेलं लोखंड होतं. तुकड्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की त्याच्यावर कुणी तरी गार पाणी मारतं, रोज, वर्षानुवर्षं. म्हणजे ज्या कुणी पहिल्यांदा वीस ठरवलं होतं तोही चुकलाच होता, आणि आता साहेब ती चूक जशीच्या तशी पुन्हा ओतायला निघाला होता. फक्त निकेलचं प्रमाण. अभिप्राय नको.

तेव्हा तिला ते सुचलं. सुचलं कसलं, ते बावीस वर्षं आत बसून होतं आणि आता उठून खुर्चीवर येऊन बसलं. कागदावर लिहायचं: निकेल वीस पूर्णांक तीन. एक अक्षर खोटं नाही. विचारलंय तेवढंच. अभिप्राय नको म्हणाले होते, दिला नाही. साहेब वीसचं ओतेल, वर्षा-दोन वर्षांत तडकेल, चौकशी बसेल, आणि कुणी तिला विचारलं तर ती पेल्यावरचं झाकण काढून दोन घोट पाणी पिईल. त्या दिवशी ती घरी गेली ती हलकी होऊन. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, कानांनी जड, पण डोळे घारीचे. त्या ताटावर बसता बसता म्हणाल्या, “गाणं म्हणत्येयस, सूनबाई? या घरात आल्यापासून पहिल्यांदा ऐकत्येय.” नवरा म्हणाला, “आई, तुला ऐकू तरी येतंय का?” “ओठ दिसतात ना. आणि हे गाणं काही बरं नाही. ओठ हसतायत आणि दात आवळलेत.” ती हसली. आमटीत मीठ जास्त पडलं होतं. पुढचे दोन दिवस तिने रिपोर्ट लिहिला नाही. लिहायला दहा मिनिटं पुरली असती, पण वाळत घातलेल्या कपड्याला हात लावून बघावा तशी ती त्या कल्पनेला पुन्हा पुन्हा हात लावून बघत होती. गोड होती. इतकी गोड की तिच्यापुढे ते केसिंग, तो पंप, पंपाजवळची जागा, काही दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त एक म्हातारा माणूस, लांब टेबलापुढे.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. रासायनिक कारखान्याचा देखभालीचा इंजिनिअर बोलत होता, पंप त्यांचाच होता. नंबर ओतशाळेकडून मिळाला म्हणाला. आवाज घाईतला, पण आदबीचा. “मॅडम, रिपोर्ट कधी मिळेल? भेगा दिसल्या म्हणून एक पंप मी बंद केलाय. दुसरा चालू आहे, पण तोही त्याच वयाचा, त्याच ओताचा. मला रात्रंदिवस धाकधूक वाटते.” ती म्हणाली, “होईल एकदोन दिवसांत.” आणि फोन ठेवायचा सोडून तिने विचारलं, “पंपाजवळ कोण असतं?” “दोघं असतात पाळीला. एक जण वरचे क्षार निघावेत म्हणून पाणी मारतो.” “केसिंग गरम असताना?” “हो, चालू असतानाच.” “ते बंद करा.” तिचा आवाज तिलाच चमत्कारिक वाटला, जणू खोलीत दुसरं कुणी बोललं. “आत्ता. फोन ठेवा आणि आधी ते पाणी बंद करा. आणि जवळ कुणाला उभं करू नका, मध्ये पत्रा लावा. मग मला परत फोन करा.” पलीकडून धावती पावलं ऐकू आली. तिने फोन खाली ठेवला. पॉलिशताईचं चाक थांबलं होतं. “काय हो?” “काही नाही.” तिला स्वतःचा असा संताप आला की तिने टेबलावर मूठ आपटली. बावीस वर्षं जपलेलं, आणि एका वाक्यात तोंडाने फितुरी केली. मनाला विचारलंसुद्धा नाही.

अर्ध्या तासाने फोन परत आला. पाणी बंद केलं होतं, पत्रा लावला होता. मग त्याने विचारलं, आणि तिने तिन्ही जावांची गोष्ट सांगितली, धाकटीच का हवी ते सांगितलं. तो ऐकत होता, मध्ये लिहून घेतल्याचा आवाज येत होता. शेवटी म्हणाला, “ओतशाळेचे सल्लागार तर म्हणत होते, जुनं होतं तेच ओतू. पण तुमच्याबद्दल चांगलं बोलले हं ते. म्हणाले, नमुना अशा बाईंकडे पाठवलाय की त्यांच्या सहीवर कुणी शंका घेत नाही.” तिने रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला. “नाव घेऊन म्हणाले?” “हो. म्हणाले, माझ्याच हाताखाली तयार झाल्या.” म्हणजे साहेबाला माहीत होतं. पत्ता माहीत, माणूस माहीत, सगळं माहीत, आणि तरी त्याने ‘फक्त’ लिहून खाली रेघा मारल्या होत्या. त्याला पुन्हा तिची सही हवी होती. वीसच्या आकड्याखाली, दुसऱ्यांदा. पंप आता वाटेतून बाजूला झाला होता, माणसं बाजूला झाली होती. उरला फक्त तो. ती इंजिनिअरला म्हणाली, “तुमची त्यांच्याबरोबर बैठक आहे ना? मला बोलवा. मी त्यांना त्यांनी मागितलेलाच रिपोर्ट पाठवते, अक्षर इकडे-तिकडे नाही. तुम्ही बैठकीत मला एकच विचारा, की हा रिपोर्ट म्हणजे हेच लोखंड योग्य असा अर्थ होतो का.” तो जरा घुटमळला. “मॅडम, हे आधीच त्यांना सांगितलं तर?” “सांगता येईल,” ती म्हणाली, “पण मी सांगणार नाही. तुम्ही सांगू शकता.” तो म्हणाला, “विचारतो बैठकीतच.” त्याला काही समजलं होतं की नाही कोण जाणे.

बैठकीच्या खोलीतलं टेबल लांब नव्हतं, गोल होतं. याची तिला उगीच चुटपुट लागली. कारखान्याचे व्यवस्थापक, इंजिनिअर, ओतशाळेचा मालक, आणि साहेब. तो वाळला होता. गळपट्टीत मान सैल फिरत होती, कानांतून पांढरे केस आले होते. तिला बघून तो उठला, “या, या,” म्हणाला, आणि मालकाला, “बघा, म्हटलं नव्हतं? बाई वेळेच्या पक्क्या.” पूर्वी तो तिला ‘तू’ म्हणायचा. त्याने रिपोर्ट सर्वांपुढे सरकवला. “वीस पूर्णांक तीन. म्हणजे जुना माल बरोबरच होता. साचा तयार आहे, आठवड्यात ओतून देऊ. बाईंची सही आहे खाली, आता शंकेला जागा नाही.” इंजिनिअरने घसा खाकरला. “मॅडम, या रिपोर्टचा अर्थ हेच लोखंड या पंपाला योग्य आहे, असा होतो का?” “नाही,” ती म्हणाली. “तो तुकडा काय आहे एवढंच यात लिहिलंय. काय असायला हवा ते लिहिलेलं नाही.” मग तिने भेगांचे मोठे केलेले फोटो ठेवले आणि सांगितलं, शांतपणे, दहा मिनिटं. वीसचं ओतलं तर पुन्हा हेच होईल. तीसचं हवं. साहेबाचा चेहरा हळूहळू तांबूस झाला. “मग हे रिपोर्टात का लिहिलं नाही?” “तुम्ही नको म्हणाला होता. दोन रेघा मारून.” मालकाने चिठ्ठी मागून घेतली, वाचली आणि साहेबाकडे बघितलं. “बावीस वर्षांपूर्वी,” ती पुढे म्हणाली, “असल्याच केसिंगसाठी मी तीस लिहिलं होतं. ते खोडून वीस कुणी केलं? एका माणसाचे डोळे गेले त्यात. मी केलं की तुम्ही? एकच शब्द सांगा.”

साहेबाने टेबलावरची पेन्सिल उचलली, ठेवली. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, मायक्रोस्कोपखाली बघावं तसं. “मी,” तो म्हणाला. एवढंच. आवाज इतका साधा होता की जणू बाहेर गाडी कुणाची उभी आहे असं कुणी विचारलं होतं. आणि मग काहीच झालं नाही. व्यवस्थापकांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “ते जुनं प्रकरण तुम्ही आपसात बघा. आपण तीसचं नक्की करू या का?” मालक म्हणाला, “करू या. पण मी दुसऱ्या सल्लागाराशी बोलतो आधी,” आणि हे म्हणताना त्याने साहेबाकडे पाठ फिरवली होती. इंजिनिअर लिहून घेत होता. बावीस वर्षं ती ज्या एका अक्षराची वाट बघत होती ते त्या गोल टेबलावर पडलं आणि कुणी ते उचललंसुद्धा नाही. ज्यांनी ऐकलं त्यांना त्याचं काय, आणि ज्यांना त्याचं काही होतं ते तिथे नव्हते. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. लागली ती भूक, नुसती भूक, जेवल्यानंतर अर्ध्या तासाने लागावी तशी.

ती फाटकातून गाडी बाहेर काढत होती तेव्हा साहेब रस्त्याच्या कडेला उन्हात उभा होता, हातात फाइल. मालकाची गाडी त्याला न घेता निघून गेली होती. तिने ते आरशात बघितलं आणि तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली नाही. ती शंभर पावलं पुढे गेली. मग गाडी मागे घेतली आणि दार उघडलं. “बसा.” तो बसला, फाइल मांडीवर. मग म्हणाला, “मला वाटलं नव्हतं तू एवढं मनात ठेवशील.” तो परत ‘तू’वर आला होता. “तुला दुसरीकडे लागली असती नोकरी. मला तीन पोरी होत्या, लग्नाच्या. मी गेलो असतो तर...” “ते विचारलं नाही मी,” ती म्हणाली. दोन चौक गेल्यावर त्याने बाहेर बघितलं. “हा रस्ता बसस्टँडचा नाही.” “नाही.” “कुठे चाललोय आपण?” “फिटरच्या घरी. मघाशी जे बोललात ते तिथे बोलायचंय.” त्याचे हात फाइलवर घट्ट झाले. “या वयात? माझी ही अवस्था बघून त्यांना तरी काय...” “त्यांना डोळे नाहीत,” ती म्हणाली. “तुमचं वय दिसणार नाही त्यांना.” बोलल्यावर तिला स्वतःच्याच दातांची धार जाणवली. शिंप्याच्या दुकानापाशी तिने गाडी थांबवली आणि चावी काढली. “दार उघडं आहे. पलीकडे रिक्षा मिळते, जायचं तर जा. मी धरून नेणार नाही.” तो बसून राहिला. दुकानात शिलाई यंत्र चालू होत होतं, थांबत होतं. तिने मनाशी शंभर मोजायचं ठरवलं आणि बावन्नला त्याने दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला.

फिटरच्या बायकोने दार उघडलं. केस पूर्ण पांढरे, पण तीच बघण्याची तऱ्हा, पायापासून डोक्यापर्यंत. बाईने तिला ओळखलं. साहेबाने उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं, आधी अडखळत, मग एकदम सगळं. तो कोण, त्याने तीसचा आकडा खोडला, कागद बदलला, चौकशीत गप्प राहिला. शेवटी त्याने हात जोडले. बाईने त्याच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं, भाजीवाल्याने चुकीची जुडी पुढे केल्यासारखं. मग बाई तिच्याकडे वळली. “आणि तुम्हाला माहीत होतं ते चुकीचं आहे?” “हो.” “मग तुम्ही सही का केलीत?” बावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, चौकशीतल्या तिघांनी नाही, नवऱ्याने नाही, तिने स्वतःही नाही. लांब टेबलापुढच्या त्या हजार भाषणांत याचं उत्तर नव्हतं. साहेब म्हणाले म्हणून, असं तोंडापर्यंत आलं आणि ते तिने गिळलं. “भ्यायले,” ती म्हणाली. “नोकरी जाईल म्हणून भ्यायले.” आतून पुरुषाचा आवाज आला, “कोण आहे गं?” बाई मान न वळवता म्हणाली, “पंपाची माणसं आहेत.” आत खुर्ची सरकली. “पंपाची? त्यांना विचार, फुटला कशाने? मी नट आवळत होतो, जास्त आवळला होता का मी?”

बाईने पदराचं टोक तोंडाशी धरलं. “बघा,” ती हळू म्हणाली, “निकाल सांगितला तरी रोज हेच. बावीस वर्षं.” मग ती दारातून एका बाजूला सरली, एका माणसाला जाता येईल एवढी. साहेबाला उंबऱ्यावरच सोडून ती आत गेली. फिटर खिडकीजवळ बसला होता, हातात एक जुना नळ उघडून त्याचे भाग क्रमाने मांडीवर ठेवलेले. तिने खुर्ची त्याच्यासमोर ओढली. “तुमचं काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “लोखंड चुकीचं होतं.” त्याची बोटं नळाच्या आट्यांवर थांबली. “चुकीचं म्हणजे कसं? बीडच होतं ना?” “बीडच. पण निकेलचं. त्यात वीस टक्के निकेल होतं, हवं होतं तीस.” “दहा टक्क्यांनी एवढं?” “एवढं,” ती म्हणाली, आणि त्याचा हात हातात घेऊन, त्याच्या तळव्यावर बोटाने केसिंग काढून, गरम झाल्यावर ते कुठे फुगतं आणि गार पाणी पडल्यावर भेग कुठून सुरू होते ते दाखवायला लागली. तो मान तिरकी करून ऐकत होता आणि मध्येमध्ये कारागिराला पडतात तसे नेमके प्रश्न विचारत होता. साहेब उंबऱ्याबाहेर उन्हात उभा होता. त्याला कुणी आत या म्हटलं नाही. तिनेही म्हटलं नाही.